मालापलीकडची मुंबई

शिरवळहून मुंबईस माल भरण्यास जाणाऱ्या व्यापाऱ्याला मूळजी जेठा मार्केट पाठ असते. शेजारची गल्ली मात्र अपरिचित. एखाद्या सुटीत आपल्या कुटुंबापुरता जाणकार मार्गदर्शक ठरवून तेथे पायी हिंडावे.

पायधुनीस गोडीजी पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन भुलेश्वरकडे वळले की ऐन गजबजाटात गाई दिसतात. हा पांजरपोळ! इंग्रज अंमलात भटकी कुत्री मारली जात, तेव्हा १८३४ साली पारशी शेठ जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी यांनी तो उभारला.

पुढे फोर्टात राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्ये दोन लाख रुपये देऊन त्यास मातेचे नाव दिले. मातोश्रींची दृष्टी अधू. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घंटेने कळावी हा हेतू, असे सांगतात. कथा गोड आहे, पण मुलांना तिच्यापुढचेही ऐकवावे: वर्षभरातच, १८६५ च्या शेअर-कोसळीत, शेठजींची संपत्ती गेली. टॉवर १८७८ साली पूर्ण झाला.

मार्गदर्शकाचा मोबदला आधीच ठरवावा. चौविहार पाळणाऱ्यांनी सकाळीच निघणे बरे. पांजरपोळात पाय रेंगाळतातच.