भेटीतली लूट आणि लुटीतली मौज

कोल्हापूर : विजयादशमीला येथील दसरा चौकात शमीपूजन होते, तोफेची सलामी झडते आणि पाठोपाठ आपट्याच्या पानांचे ‘सोने’ लुटण्यासाठी एकच झुंबड उडते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी होणाऱ्या हळदीकुंकवातही वाण ‘वाटले’ जात नाही, ते ‘लुटले’ जाते. देणे आणि लुटणे यांची अशी सांगड घालणाऱ्या करवीरनगरीला ‘व्हाइट एलिफंट’ हा पाश्चात्त्य खेळ परका वाटण्याचे कारण नाही. नाताळच्या सुमारास मित्रमंडळींत आणि कार्यालयांत खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे नाव आपल्याही बोलण्यातल्या ‘पांढऱ्या हत्ती’वरून, म्हणजे पोसायला जड आणि उपयोगाला शून्य अशा वस्तूवरून पडले आहे.

खेळ असा

ठरलेल्या किमतीच्या आतली एक वस्तू प्रत्येकाने कागदात गुंडाळून आणायची आणि मधोमध ठेवायची. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. पहिला भिडू एक पुडके उघडतो. दुसऱ्याने नवे पुडके उघडावे किंवा पहिल्याची वस्तू सरळ हिसकावून घ्यावी. ज्याची वस्तू गेली, त्याने दुसरे पुडके उघडायचे. एक वस्तू तीनदा हिसकावली गेली की ती शेवटच्या धन्याकडेच राहते, असा नियम बहुधा पाळला जातो. कोणी काय आणले, याला मग महत्त्व उरत नाही.

जपानी तऱ्हेवाईकपणा

या खेळात जपानी चमत्कारिक वस्तूंनी खास रंग भरतो. या विनोदाला १९८०च्या दशकात केंजी कावाकामी यांनी ‘चिंदोगु’, म्हणजे विचित्र अवजार, असे नाव दिले. नूडल्स गार करण्यासाठी चॉपस्टिकला लावलेला चिमुकला पंखा, बूट भिजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर उभारलेल्या छत्र्या, रांगता रांगता फरशी पुसणारा बाळाचा अंगरखा हे त्याचे नमुने. वस्तू प्रत्यक्षात बनलेली हवी, पण ती विकता कामा नये, असा चिंदोगुचा दंडक आहे. त्यामुळे खेळात येतात ती त्याची बाजारी भावंडे. उदाहरणार्थ, २०१२मध्ये आलेली, कपाच्या काठाला लोंबकळणारी ‘फुचिको’ ही बाहुली. गंमत अशी, की १९९५च्या चिंदोगुविषयक इंग्रजी पुस्तकात हसण्यावारी दाखवलेली एक काठी पुढे ‘सेल्फी स्टिक’ म्हणून जगभर खपली.

ओझे परतफेडीचे

निरुपयोगी वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न पडेल. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५च्या सुमारास मांडले होते, की भेट कधीच फुकट नसते. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने तिच्यासोबत येतात. लग्नातल्या आहेराची वही जपून ठेवणाऱ्या मराठी घरांना हे वेगळे सांगायला नको. ‘कृपया आहेर आणू नये’ ही पत्रिकेतली ओळ त्याच ओझ्यावरचा उपाय. जपानमध्ये तर व्हॅलेंटाइन दिनाच्या चॉकलेटची परतफेड करण्यासाठी १४ मार्च हा स्वतंत्र दिवस आहे.

आपट्याच्या पानाची परतफेड आपट्याच्याच पानाने होते. तिथे हिशेब उरत नाही. ‘पांढऱ्या हत्ती’तही नेमके तेच घडते. शिवाय वस्तू हात बदलत ज्याला ती खरोखर हवी आहे त्याच्याकडे सरकते. अर्थतज्ज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३मध्ये विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून अंदाज मांडला होता, की भेटवस्तूवर खर्च झालेल्या रकमेचा १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग घेणाऱ्याच्या लेखी वाया जातो. हिसकावण्याची मुभा ही तूट थोडीफार भरून काढते.

धोका एकच. गंमत म्हणून प्लॅस्टिकची खरेदी वाढली, तर हत्ती एका घरातून दुसऱ्या घरात जाईल, इतकेच. म्हणून भिशीच्या किंवा कार्यालयाच्या मंडळींनी हा खेळ मांडताना किमतीची मर्यादा कमी ठेवावी. त्याहून बरे म्हणजे माळ्यावर पडून असलेली, पण धडकी वस्तूच आणण्याचा नियम करावा. ती विचित्र असेल, तर दुधात साखर!