हिवताप पुन्हा पुन्हा का होतो?

गोवर एकदा येऊन गेला की सहसा जन्मात पुन्हा येत नाही. हिवतापाचं तसं नाही. जिथे तो कायम मुक्कामाला असतो तिथल्या मुलांना तो वारंवार गाठतो. मग आपलं शरीर यातून काहीच शिकत नाही का?

शिकतं. १९६१ साली कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियात याचा पुरावा मिळवला. तिथल्या प्रौढांना लहानपणापासून अनेकदा हिवताप होऊन गेलेला असे, आणि मोठेपणी ते त्यामुळे फारसे आजारी पडत नसत. त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं वेगळी काढून हिवताप झालेल्या मुलांना टोचली, तेव्हा काही दिवसांतच मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. म्हणजे संरक्षण रक्तात होतं. पण ते कमवायला वर्षानुवर्षं लागत होती, आणि तोवर कितीतरी मुलं दगावत होती.

इतका वेळ का लागावा?

डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात जातात, आठवडाभर तिथे वाढतात आणि मग तांबड्या पेशींत शिरतात. लपायला ही जागा फार सोयीची. आपल्या आत कोणी घुसलं आहे हे दाखवणाऱ्या खुणा इतर पेशी पृष्ठभागावर मांडतात; केंद्रक नसलेल्या तांबड्या पेशीला ते जमत नाही. मग परजीवीने गुपचूप आतच का बसू नये? अडचण आहे ती प्लीहेची, म्हणजे पाणथरीची. परजीवीमुळे ताठर झालेल्या पेशी ती गाळून काढते. ते टाळण्यासाठी फाल्सिपेरम जातीचा परजीवी स्वतःचं एक प्रथिन पेशीच्या बाहेर आणून बसवतो. त्याच्या आधाराने पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहते आणि प्लीहेकडे जातच नाही. (मेंदूत असं झालं तर रोग्याच्या जिवावर बेततं.) पण बाहेर आलेलं प्रथिन प्रतिपिंडांना दिसतं!

यावर परजीवीचा तोडगा असा: या प्रथिनाची सुमारे ६० जनुकं त्याच्याजवळ असतात आणि एका वेळी त्यांतलं एकच चालू असतं. एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, तोवर काही परजीवींनी दुसरं रूप घेतलेलं असतं. शिवाय दुसऱ्या डासाबरोबर आलेल्या परजीवींचा संच निराळाच. मुलाला हे सगळं एकेक करून शिकावं लागतं.

आम्हाला सर्वांत बोलकं वाटतं ते गरोदर स्त्रियांचं उदाहरण. लहानपणापासून हिवतापाशी झगडून तयार झालेली स्त्रीसुद्धा पहिल्या गरोदरपणात त्याला पुन्हा बळी पडते. १९९६ साली फ्राइड आणि डफी यांनी केनियात दाखवलं, की वारेतले परजीवी तिथल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या रेणूला चिकटतात. त्यासाठी लागणारं प्रथिनाचं रूप तिच्या शरीराने तोवर पाहिलेलंच नसतं. पुढच्या खेपांना प्रतिपिंडं तयार असतात. पहिलं बाळ मात्र अनेकदा कमी वजनाचं जन्मतं.

मग लस कशाविरुद्ध करायची? जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतल्या मुलांसाठी २०२१ साली शिफारस केलेली आरटीएस,एस आणि २०२३ सालची आर२१ (हिचं उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होतं) या दोन्ही लसी रक्तातल्या अवस्थेच्या वाटेला जात नाहीत. डासाने नुकत्याच सोडलेल्या परजीवीच्या आवरणातलं प्रथिन त्या ओळखायला शिकवतात. हे प्रथिन असं रूपं पालटत नाही. पण मिळालेलं संरक्षण काही महिन्यांतच ओसरू लागतं, म्हणून चौथी मात्रा द्यावी लागते. आणि एखादा परजीवी जरी यकृतात निसटला, तरी त्याचे हजारो होऊन रक्तात उतरतात. तेव्हा ते आवरण त्यांच्या अंगावर नसतं.