परदेशांतील भामटे आणि प्रवाशाची सावधगिरी

सुटींत परदेशीं जाण्याची चाल आतां आपल्याकडील अनेक कुटुंबांत रूढ झाली आहे. कांहीं विद्यार्थी आईबापांबरोबर असा प्रवास करितात, तर कांहीं पुढें विद्याभ्यासासाठीं एकटेच जातात. प्रवासानें दृष्टि विशाल होते यांत संशय नाहीं. परंतु घर सोडून गेलेला मनुष्य तेथील भाषा, नाणें व रस्ते यांविषयीं अजाण असतो; आणि ही अजाणता ओळखून तिजवर उपजीविका करणारे लोक प्रत्येक मोठ्या शहरीं असतात. त्यांच्या युक्त्या कशा असतात व त्यांपासून आपला बचाव कसा करावा, हें पॅरिस शहराच्या उदाहरणानें आम्ही येथें सांगणार आहों. पॅरिस निवडलें तें इतर शहरांहून दुष्ट आहे म्हणून नव्हे. तेथें प्रवाशांची गर्दी फार असते, आणि आमची स्वतःची फजितीहि तेथेंच झाली, एवढेंच कारण.

पॅरिसजवळील सां-जेर्मेन-आं-ले या गांवच्या संग्रहांत सुमारें ५०० वर्षांपूर्वींचें एक चित्र आहे. हिएरोनिमस बॉश या चित्रकाराच्या नांवाशीं तें जोडलें जातें. त्यांत एक जादूगार मेजावर पेले व गोळ्या मांडून खेळ करीत आहे. एक प्रेक्षक पुढें वांकून तन्मयतेनें पाहत आहे. आणि त्याच्या मागें उभा असलेला दुसरा मनुष्य, नजर आभाळाकडे ठेवून, त्याची थैली हळूच काढून घेत आहे. मौज अशी कीं, चोरीचें हें चित्रच इ. स. १९७८ मध्यें चोरीस गेलें होतें. तें पुढील वर्षीं परत मिळालें. भामटेगिरीचें सर्व शास्त्र या एका चित्रांत आहे : अगोदर मनुष्याचें लक्ष चोरावें, मग त्याची थैली.

आजच्या पॅरिसांतील युक्त्या याच शास्त्राला धरून आहेत. सीन नदीच्या कांठीं आपण चाललों असतां जवळचा एखादा मनुष्य खालीं वांकतो व एक अंगठी उचलतो. "ही आपलीच ना?" असें तो विचारतो. आपण नाहीं म्हणतांच, ती सोन्याची आहे, पण माझ्या बोटांत बसत नाहीं, तुम्हीच ठेवा, असा आग्रह करितो. मग चार पावलांवर परत येऊन जेवणापुरते पैसे मागतो. अंगठी अर्थात् पितळेची असते. माँमार्त्रच्या टेकडीवरील साक्रे-कर या प्रसिद्ध देवालयाच्या पायथ्याशीं कांहीं तरुण मैत्रीचें सोंग करून आपल्या मनगटाभोंवतीं रंगीत दोरा विणूं लागतात. गांठ पक्की बसली कीं दोऱ्याची किंमत सांगतात. आवळा देऊन कोहळा काढणें म्हणतात तें हेंच! कोणी मुक्या-बहिऱ्यांच्या साहाय्यार्थ म्हणून सहीचा कागद पुढें करितात; आपण सही करीत असतां त्या कागदाखालीं दुसऱ्याचा हात आपल्या पिशवींत शिरतो. आयफेल मनोऱ्याच्या परिसरांत तीन पेल्यांचा जुगार मांडलेला दिसतो. तेथें जे जिंकतात ते सर्व मांडणाऱ्याचेच सोबती असतात.

खिसेकापूंचा उपद्रव तर इतका कीं, एप्रिल २०१३ मध्यें लूव्र या जगप्रसिद्ध संग्रहालयाच्या नोकरांनीं त्याविरुद्ध काम बंद ठेविलें, व त्या दिवशीं संग्रहालय उघडूं शकलें नाहीं.

या युक्त्यांत अंगठी व जुगार आपल्या लोभावर चालतात. परंतु दोरा व सहीचा कागद आपल्या सौजन्यावर चालतात. मूर्खच तेवढे फसतात असा समज म्हणूनच चुकीचा आहे. आम्हांस आमच्या सौजन्यानेंच फसविलें. भुयारी आगगाडींत चढत असतां दाराशीं एका मुलीच्या हातांतील नाणीं पडलीं. आम्ही तीं वेंचूं लागलों. मागून रेटारेटी झाली. दार मिटलें तेव्हां मुलगी बाहेर होती आणि आमच्या खिशांतील पाकीट नाहींसें झालें होतें. यापुढील चूक मात्र सर्वस्वी आमची. सोबतचे लोक हंसतील या लाजेनें आम्ही सायंकाळपर्यंत कोणास कांहीं बोललों नाहीं. आणि तेवढ्या अवधींत पाकिटांतील बँकेच्या कार्डावर दोन दुकानांत खरेदी झाली.

ही लाज भामट्यांची जुनी साथीदार आहे. इ. स. १९२५ मध्यें व्हिक्टर लुस्टिग नांवाच्या ठकानें सरकारी अधिकाऱ्याचें सोंग घेऊन आयफेल मनोरा मोडीच्या भावानें एका व्यापाऱ्यास विकला! फसलेल्या व्यापाऱ्यानें लाजेनें तक्रार केली नाहीं. म्हणून लुस्टिगास पुन्हां पॅरिसास येऊन तोच डाव मांडण्याचें धैर्य झालें.

आतां उपाय सांगतों. पैसे व कार्डें एकाच ठिकाणीं ठेवूं नयेत. दिवसाच्या खर्चापुरते जवळ बाळगावे. पाकीट मागच्या खिशांत कधींहि ठेवूं नये, व पिशवी गर्दींत पुढच्या बाजूस धरावी. पासपोर्टाची नक्कल निराळी ठेवावी. कोणी आपण होऊन कांहीं हातांत देऊं लागल्यास हात मागें घ्यावा, नम्रपणें नकार द्यावा व चालूं लागावें. थांबून वाद घालूं नये. चोरी झालीच तर प्रथम बँकेस कळवून कार्ड बंद करवावें, मग पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. युरोपीय संघांतील सर्व देशांत संकटसमयीं ११२ हा क्रमांक चालतो; आपल्या देशांतहि आतां तोच आहे. पासपोर्ट गेल्यास भारतीय वकिलातींत जावें. स्वदेशीं परतण्यापुरता तातडीचा दाखला तेथें मिळूं शकतो.

आणि मुलांनो, प्रवासांत कांहीं हरवलें तर तें तत्काळ आईबापांस सांगा. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, अशा वेळीं रागावणें पुढें ढकलावें. रागाच्या भयानें मूल गप्प बसलें, तर तो वेळ चोराच्या पदरांत पडतो.

एवढें वाचून कोणी विश्वास पानिपतांत गेला असें समजूं नये. त्याच सायंकाळीं एका अनोळखी फ्रेंच वृद्धेनें आम्हांस पोलिसचौकीपर्यंत पोंचविलें, आणि आमचें म्हणणें तेथील शिपायास समजावून दिलें. आम्ही तिच्यावर संशय घेतला असता, तर त्या परक्या शहरांत रात्रीं कोठें भटकलों असतों? म्हणून उद्यां पुन्हां कोणाचीं नाणीं पडलीं तर आम्ही तीं अवश्य वेंचूं. मात्र वेंचण्यास एक हात लावूं आणि दुसरा आपल्या खिशावर ठेवूं. पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा, ही म्हण आमच्या वाचकांनीं खरी करावी, एवढीच इच्छा.