एकवीसच्या वाटेने जर्मन

स्टुटगार्टच्या एका बेकरीत काउंटरपलीकडच्या मुलीने मला साधा प्रश्न विचारला आणि माझ्या तीनशे बारा दिवसांच्या तपश्चर्येचा निकाल लागला. इथेच खाणार की बांधून देऊ, एवढंच ती विचारत होती. हे मला कळलं बाहेर पडल्यावर, भाच्याने सांगितलं तेव्हा. छोट्या पावाला मोबाइलमधल्या ॲपने मला 'ब्र्योट्शन' हा शब्द शिकवला होता आणि मी तेवढाच घट्ट धरून उभी होते. ती म्हणत होती 'वेकले'. श्वाबेन प्रांतात वेकले, बव्हेरियात झेमल, बर्लिनमध्ये श्रिपे. पाव साधारण तोच.

"मावशी, तुझं ॲप सदाशिव पेठेत वाढलंय," भाचा म्हणाला. "प्रमाण भाषेशिवाय बोलत नाही."

पन्नाशी उलटल्यावर भाषा शिकायला घेतली की पहिला प्रश्न येतो तो 'आता या वयात?' असा. या प्रश्नाला थोडा शास्त्राधार आहे, पण लोक समजतात तितका नाही. हार्टशोर्न, टेनेनबाउम आणि पिंकर या संशोधकांनी २०१८ साली सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीचे निकाल तपासले. व्याकरण सहज मुरवून घेण्याची ताकद साधारण सतरा वर्षांपर्यंत टिकते आणि मग उतरू लागते, असं त्यांना दिसलं. मात्र त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९७८ साली, स्नो आणि हूफनागेल-हले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा डच शिकतानाचा अभ्यास केला होता. तिथे सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत मागे पडली ती तीन ते पाच वर्षांची चिमुरडी. मोठी मुलं आणि प्रौढ पुढे होते. मूल शेवटी जिंकतं, पण पळायला सुरुवात आपण आधी करतो. कारण आपल्याकडे आधीच एक भाषा असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

ॲपच्या पोटात काय चालतं, ते आधी पाहू. १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्मरणशक्तीवर पुस्तक काढलं. प्रयोगाला माणूस एकच, तो स्वतः. अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरलो ते मोजायचा. त्याला आढळलं की विसरणं सुरुवातीला धबधब्यासारखं कोसळतं आणि नंतर संथ होतं. म्हणजे उजळणी नेमकी विसरण्याच्या बेतात असताना केली तर कष्ट कमी आणि फायदा जास्त. १९७२ साली सेबास्टियान लाइटनर याने यावरून चिठ्ठ्यांची पेटी सुचवली. आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा परत भेटते, चुकलेली पहिल्या कप्प्यात येते. पोलंडमधल्या पिओत्र वोझ्निआक या विद्यार्थ्याने हे गणित १९८७ मध्ये संगणकावर चढवलं. २००६ मध्ये 'अंकी' हा प्रोग्राम आला. जपानीत त्या शब्दाचा अर्थच पाठांतर. ड्युओलिंगो २०१२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. ग्वाटेमालात वाढलेला लुइस फॉन आन आणि स्वित्झर्लंडचा सेव्हेरिन हाकर हे त्याचे जनक. वेबसाइटवर 'तुम्ही यंत्र नाही ना' म्हणून वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणाऱ्या कॅप्चामागच्या मंडळींपैकी फॉन आन हा एक. खेळ, गुण, सलग दिवसांची साखळी आणि ती तुटेल ही धास्ती, हा त्यानंतरचा मसाला.

मला यात नवल वाटलं नाही ते आजोबांमुळे. दिवेलागणीला परवचा म्हणायचा, पाढे झाले की पावकी, निमकी, दिडकी. ज्याची चूक होईल त्याला दुसऱ्या दिवशी तोच पाढा पुन्हा. आजोबांनी लाइटनरची पेटी पाहिली नव्हती, पण चुकलेली चिठ्ठी पहिल्या कप्प्यात टाकायचं त्यांना ठाऊक होतं. तेव्हा शब्द डोक्यात भरायला ॲप उत्तम. माझे हजारेक शब्द झाले, आणि तेही बसस्टॉपवर उभ्या उभ्या. तक्रार वेगळीच आहे.

माझं ॲप मला जर्मन शिकवतं ते इंग्रजीतून. इथे सगळी गंमत जाते. गंमत राहू दे, भांडवलच जातं!

इंग्रजीत वस्तूंना लिंग नाही. त्यामुळे 'डेर, डी, डास' हा जर्मन प्रकार ॲप असा सांगतं, जणू आकाशातून संकट कोसळलंय. अहो, तो, ती, ते! आपण जन्मल्यापासून तेच करतो. चमचा तो, सुरी ती, पुस्तक ते. लिंगं दर वेळी जुळत नाहीत हे खरं. जर्मनांचा सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि सुरी नपुंसकलिंगी. पण निर्जीव वस्तूला लिंग असतं, ते पाठच करावं लागतं आणि त्याप्रमाणे विशेषण बदलतं, हे मराठी माणसाला पटवावं लागत नाही. आणि काही ठिकाणी तर जुळणी अशी आहे की अंगावर काटा यावा. ते मूल, ते वासरू, ते कोकरू, ते शिंगरू. जर्मनमध्ये किंट, काल्प, लाम, फोलन, चारही नपुंसकलिंगी. मुलगी म्हणजे 'मेडशन' हीसुद्धा नपुंसकलिंगी, म्हणून इंग्रजीतून शिकणारे डोकं धरून बसतात. गोव्याच्या माणसाला विचारा, कोंकणीतलं 'चेडूं' कोणत्या लिंगाचं. तो हसेल फक्त.

दुसरं, तू आणि तुम्ही. जर्मनमध्ये जवळच्याला 'डू' आणि परक्याला 'झी'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे ॲपला प्रत्येक वेळी कंसात खुलासा करावा लागतो. सासूबाईंना काय म्हणायचं आणि भाजीवाल्याच्या पोराला काय, हा हिशेब आपल्या अंगात मुरलेला. मराठीतून विचारलं असतं तर प्रश्नच पडला नसता.

तिसरं माझं सर्वांत लाडकं. 'मला आवडतं' याला जर्मन म्हणतात 'गेफेल्ट मीर', आणि त्यातल्या 'मीर'चा अर्थ 'मला'. घर मला आवडतं: डास हाउस गेफेल्ट मीर. आवडणारी वस्तू कर्ता, माणूस चतुर्थीत, अगदी आपल्यासारखं. थंडी वाजते तेही 'मला'च: मीर इस्ट काल्ट. इंग्रजीत मात्र 'मी आवडवतो' आणि 'मी थंड आहे' अशी रचना. मी सहा महिने मराठी वाक्य मनात इंग्रजीत उलटं करत होते आणि ते पुन्हा उलटं करून जर्मन बनवत होते. पुण्याहून साताऱ्याला जायचं आणि वाटेत नाशिक! 'कारण'ने सुरू होणाऱ्या वाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जातं, त्याचंही तसंच. 'वाइल इश म्युडं बिन', कारण मी दमलेली आहे. शब्दाखाली शब्द ठेवून पाहा.

उच्चारांचंही थोडं सांगते. 'चोर', 'चाक' यांतला च आणि 'चार'मधला च वेगळे, हे मराठी माणूस न शिकता जाणतो. जर्मन 'त्स' म्हणजे आपला चोरातला च. त्यामुळे जर्मनमध्ये आगगाडीला जो शब्द आहे तो हुबेहूब आपल्या 'चूक'सारखा ऐकू येतो. स्टेशनवर भाच्याने 'पुढची चूक कधी आहे?' म्हणून मला आठवडाभर छळलं.

आणि आकडे. इंग्रजीत आधी वीस, मग एक. जर्मनमध्ये 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. म्हणजे सरळ एकवीस. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी जोड दिली तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ उठला होता ते आठवत असेल. जर्मनीतही हे भांडण आहे. बोखुमचे गणितज्ञ लोथार गेरित्सेन यांच्या पुढाकाराने तिथे एक संस्थाच उभी राहिली. तिचं नाव 'त्स्वान्त्सिशआइन्स'. अर्थ? वीस एक.

शिकणाऱ्यांत माझ्यासारख्या हौशी बायकाच आहेत असं समजू नका. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि गावोगावची मुलं जर्मनच्या मागे लागली. त्यांना हिशेब ठाऊक हवा. गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं माक्सम्युलर भवन, अगदी पहिल्या ए-१ पायरीला ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतील असं धरतं. ॲपवर रोज पंधरा मिनिटं खेळलात तर त्यातला खालचा आकडा गाठायलाच आठ महिने. त्यातही ॲपमध्ये समोरचा माणूस नाही. बटण दाबताना कुणासमोर लाज वाटत नाही, म्हणून मी टिकले. आणि लाजेची सवयच झाली नाही, म्हणून बेकरीत वाचा बसली. रुग्णालयात रात्रपाळीला उभ्या राहणाऱ्या परिचारिकेला हे परवडणार नाही. तिने वर्गात बसावं, मोठ्याने चुकावं, ॲप शब्दांपुरतं ठेवावं.

मी मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यात दोनशे पानी वही घेतली. डावीकडे जर्मन, उजवीकडे मराठी, इंग्रजीला जागाच नाही. पहिल्याच पानावर 'वेकले' लिहिलं. लिंग भाच्याला विचारलं. नपुंसकलिंगी, तो म्हणाला, कारण 'ले' लागला की शब्द लहानखुरा होतो आणि लहानखुरं सगळं 'डास'. म्हणजे वासरू-कोकराच्या ओळीत. मी शेजारी 'ते पावलू' असा शब्द बनवून टाकला.

निघायच्या आदल्या सकाळी एकटीच गेले. तीच मुलगी होती. दोन वेकले आणि एक ब्रेत्सल, बांधून, एवढं एका दमात म्हणून घेतलं. तिने पिशवी पुढे सरकवली आणि भराभर रक्कम सांगितली. त्यातलं 'ड्राय' कळलं, मग 'आइन-उंट', आणि मग 'फिअर्त्सिश'. एक आधी, चाळीस मागून. एक्केचाळीस. मी पाकीट उघडलं आणि तीन युरोंच्या नाण्यांवर एक्केचाळीस सेंट मोजून ठेवले.