नऊ मजल्यांची व्हिस्की

"दारूच्या कारखान्यात? तिकीट काढून?" फोनवर आईचा आवाज चढला. मग जरा थांबून, "बरं, जेवून जा हो."

२०२४ च्या उन्हाळ्यात मी एडिंबराला मावसभावाकडे गेले होते. दादा तिथे आयटीत आहे. शनिवारी त्यानं मला ट्राममध्ये बसवलं आणि थेट लीथला नेलं. लीथ म्हणजे एडिंबराचं जुनं बंदर. १९२० मध्ये ते शहरात सामील झालं तेव्हा लीथकरांनी मतदानात प्रचंड बहुमतानं 'नको' म्हटलं होतं. त्यांना आजही 'एडिंबरावाले' म्हणायचं नाही, ही दादाची सूचना.

फ्रान्सची वाइन शतकानुशतकं इथे उतरायची. पुढे इथल्या दगडी गोदामांत व्हिस्कीची पिंपं मुरली, ब्लेंडिंगचा धंदा बहरला आणि नंतर आटलाही. आता गोदामांचे मस्त फ्लॅट झालेत. आणि गोदीच्या काठावर उभा आहे सुमारे ४० मीटर उंच, गडद रंगाचा टॉवर : पोर्ट ऑफ लीथ डिस्टिलरी, उद्घाटन ऑक्टोबर २०२३.

खरं सांगू? पहिल्या नजरेत मला तो ऑफिस बिल्डिंगच वाटला. डिस्टिलरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर, झरा, पांढऱ्या भिंती. इथे एका बाजूला शॉपिंग मॉल, दुसऱ्या बाजूला पाणी आणि शेजारी राणीचं निवृत्त जहाज ब्रिटानिया. जागा इतकी चिंचोळी की आडवं पसरायला वावच नाही. इयन स्टर्लिंग आणि पॅडी फ्लेचर या दोन बालमित्रांचं हे स्वप्न, आणि आर्किटेक्ट थ्रीसिक्स्टी. त्यांनी सरळ वरची वाट धरली.

आणि गंमत म्हणजे ती अडचणच कामाला आली. मोड आणून वाळवलेली बार्ली वर चढवायची, दळायची, गरम पाण्यात कालवून तिची साखर उतरवायची, यीस्ट घालून आंबवायची आणि खाली तांब्याच्या स्टिलमध्ये गाळायची. मालाला खाली आणायचं बरंचसं काम गुरुत्वाकर्षण करतं. पाहणाऱ्यालाही सोपं, एकेक मजला उतरला की एकेक पायरी कळते. जुन्या गावात 'जुन्यासारखं' काहीतरी खोटं उभारण्यापेक्षा हे मला जास्त प्रामाणिक वाटलं. दादाला नाही वाटलं. तो म्हणाला, "अगं, ब्रिटानियाच्या बाजूला हे म्हणजे लग्नात जिम बॅग घेऊन आल्यासारखं दिसतं."

पण पाहुण्यांसाठी एवढा थाट कशाला? कारण पैसा. स्कॉच म्हणवून घ्यायची तर दारू ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलीच पाहिजे, असा कायदा आहे. तोपर्यंत पगार कोण देणार? म्हणून टूर, म्हणून दुकान, म्हणून सगळ्यात वर काचेचा बार. या मंडळींनी टॉवरच्या आधी, २०१८ मध्ये, 'लिंड अँड लाइम' जिनही बाजारात आणली होती. जिनला मुरावं लागत नाही, लगेच विकता येते. बिल्डिंगचं खरं गिऱ्हाईक म्हणजे तुमच्याआमच्यासारखा, ज्याला अजून तयार नसलेल्या व्हिस्कीची गोष्ट विकत घ्यायची आहे. (गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनच्या डिस्टिलरीतही टूर असते. तिथल्या उकाड्यात दारू लवकर मुरते, पण पिंपातून उडूनही भरपूर जाते.)

वरच्या बारमधून फोर्थची खाडी दूरवर पसरलेली दिसते. आम्ही खिडकीजवळची जागा पटकावली. मी जिन घेतली, दादानं कॉफी. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझा व्हिसा दोन वर्षांनी संपतो. यांची पहिली बाटली बहुतेक त्याच्या नंतर येणार."

"मग?"

"मग काय, पाठव कोणाबरोबर तरी."

मी म्हटलं, "दादा, तूच घेऊन ये ना."

त्यानं बिल मागवलं.