कळ थांबत नाही, तेव्हा

स्टेंट बसला की छातीतले दुखणे संपले, असे आपण गृहीत धरतो. पण मोठी रक्तवाहिनी मोकळी झाली तरी बारीक वाहिन्यांचे आकुंचन, स्नायूंचा ताण किंवा आम्लपित्त यांमुळेही कळ येते आणि धास्तावलेला माणूस जिना चढणेही सोडतो. ‘चाललो तर हृदयावर ताण येईल’ ही शंका स्वाभाविक आहे; मात्र अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा की, देखरेखीखालच्या व्यायामाने हृदयविकाराचे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रसंग, दोन्ही घटतात. म्हणून व्यायामापासून दूर ठेवणाऱ्या भीतीवरचा इलाज हा हृदयोपचाराचाच भाग मानायला हवा. तरीही प्रत्येक कळ मनाची समजू नये. डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी खाली बसून जिभेखाली ठेवावी. ५ मिनिटांत कळ ओसरली नाही, तर लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा.