कान्हेरीचा फेरा, सर्वात हळू चालणारीच्या चालीने



मागच्या डिसेंबरात आमच्या वस्तीतल्या बावीस जणी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेणी पाहायला गेलो होतो. चैत्यगृहाच्या बऱ्याच वर, कोरीव पायऱ्यांवर, पंचावन्न वर्षांच्या एक ताई अचानक खाली बसल्या. दरदरून घाम, हातांना थरथर, विचारावे एक तर सांगायच्या भलतेच. कुणी म्हणाले ऊन लागले, कुणी म्हणाले उपास असेल. मी पिशवीतली साखर काढली, तीन-चार चमचे पाण्यात ढवळून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांत ताई मला नावाने हाक मारू लागल्या. मग दोन पोळ्या खायला लावल्या. नंतर कळले की सकाळी शुगरची गोळी घेतली होती, पण "डबा वर गेल्यावर सगळ्यांबरोबर खाऊ" म्हणून पोटात नुसता चहा. पाणीही मुद्दाम पीत नव्हत्या. वाटेत लघवीला जायचे कुठे, ही काळजी.

चूक त्यांची नव्हती. बेत मी आखला होता, आणि तो माझ्या पायांच्या हिशेबाने आखला होता. म्हणून आता सांगते ते नीट वाचा.

कान्हेरीला चालायला जाण्यासारखी जागा मुंबईत दुसरी नाही. शहराच्या पोटात जंगल, आणि जंगलात शंभरावर बौद्ध लेणी. उद्यानाच्या दरवाजापासून लेणी 6 ते 7 किलोमीटर आत आहेत. रस्ता डांबरी आहे, पण जातानाच तो सगळा चाललात तर वर चढायला पाय उरत नाहीत. सवय नसलेल्यांनी उद्यानाच्या बसने लेण्यांपर्यंत जावे आणि खरे चालणे तिथे करावे. उद्यान सोमवारी बंद असते. लेण्यांचे तिकीट वेगळे काढावे लागते. वेळा आणि दर बदलत राहतात, परतीची शेवटची बस चुकली तर पंचाईत होते, म्हणून हे सारे त्याच दिवशी दरवाजावर विचारून घ्या.

वाट अशी ठरवा. आधी लेणे क्रमांक 3, म्हणजे मोठे चैत्यगृह. तिथल्या सावलीत सगळ्या जणी जमू द्या. मग ओढ्याच्या कडेने क्रमांक 11 पर्यंत, ज्याला दरबार लेणे म्हणतात. इथपर्यंत बहुतेकांना जमते. पुढे पायऱ्यांनी चढ लागतो, वरून लेण्यांच्या रांगा बघत दुसऱ्या अंगाने उतरून पुन्हा खाली यायचे. थांबत, बघत, डबा खात आमच्या गटाला तीन तास लागले.

गोल वाटेची एक अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. गेल्या वाटेने परतायचे असेल तर दमल्यावर कुठूनही मागे फिरता येते. गोल वाटेवर अर्धे अंतर ओलांडले की मागे जाणे आणि पुढे जाणे सारखेच लांब पडते. म्हणून मागे फिरायची जागा घरूनच ठरवून या. आमची जागा आता दरबार लेणे. तिथे मी प्रत्येकीला चार वाक्ये बोलायला लावते. धाप न लागता बोलता आले तर पुढे. शब्द तुटत असतील, छातीत दडपण असेल, गुडघा बोलत असेल, तर त्या तिथेच थांबतात, आणि एक धडधाकट बाई त्यांच्यासोबत थांबते. एकटीला मागे सोडायचे नाही. यात कमीपणा नाही. गुडघ्यांची खरी परीक्षा तर उतरताना असते, चढून गेलेली बाई उतरताना रडते हे मी पाहिले आहे. छातीतले दडपण बसूनही गेले नाही तर वाट न बघता 108 ला फोन करा. जंगलात सगळीकडे फोन लागत नाही, म्हणून कुठे लागतो ते जाताना पाहून ठेवा.

आता पाणी आणि लघवी. यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. लघवी टाळायला पाणी न पिणे म्हणजे चक्कर आणि लघवीची जळजळ ओढवून घेणे. दरवाजाजवळ आणि लेण्यांच्या पायथ्याशी सगळ्यांनी जाऊन यायचे, लागली असो वा नसो. माणशी निदान दीड लिटर पाणी घ्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल त्यांनी आधी विचारावे. झाडीत एकटीने आडोशाला जाऊ नका. या जंगलात बिबटे आहेत, आणि खाली बसलेले माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते. गटाने, बोलत, दिवसाउजेडी चालणाऱ्यांच्या वाटेला तो सहसा जात नाही. लहान मुले मात्र मध्ये ठेवा.

लेण्यांशेजारी खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढी दिसतील. पावसाचे पाणी पन्हळींतून पोढीत आणायची त्या काळची सोय बघून थक्क व्हायला होते. वर्षावासात इथे राहणाऱ्या भिक्खूंनी पाण्याचा विचार आधी केला होता, आपण बाटली विसरून येतो! पण ते पाणी आज पिऊ नका.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी घरून खाऊनच निघावे आणि साखर स्वतःच्या पिशवीत ठेवावी, मैत्रिणीच्या नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि मदत बोलवा. माकडे पिशव्या ओढतात, खाऊ हातात धरून चालू नका. माकड चावले किंवा ओरबाडले तर साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्या. हळद, चुना लावू नका. साप चावला तर अवयव आवळून बांधू नका, कापू नका, हलू न देता उचलून न्या.

पावसाळ्यात कान्हेरी सुंदर दिसते, पण पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि ओढा पाहता पाहता भरतो. गट घेऊन मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जाते. गुळगुळीत तळव्यांच्या चपला नकोत. नवे बूट घ्यायची गरज नाही, मागे पट्टा असलेली, तळ खडबडीत असलेली सँडल चालते. काकडी, बोरे विकणाऱ्या आदिवासी बाया वाटेत भेटतात. हे जंगल त्यांचे घर आहे, भाव करत बसू नका.

त्या ताई यंदा पुन्हा येणार आहेत. डबा सकाळी साडेसहाला खाणार, असे त्यांनीच मला फोन करून सांगितले.